वावरात सापडलेला लगाम : एक प्रकरण

पार्श्वभूमी

माझी सगळी नोकरी नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. त्यामुळे कुणाच्या वावरात जनावराचं हाड, शिंग किंवा जनावराला लावायचं जुनं सामान निघालं की लोक मला विचारायला येतात. हे प्रकरणही असंच आलं. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण विदर्भात अशी जागा कळली की रात्री टॉर्च आणि टिकास घेऊन कोण पोचतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मंगेश पंचविशीतला मुलगा. तालुक्याला कृषी सेवा केंद्रात काम करतो, घरची सहा एकर कपाशी आणि तूर. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ पाहून त्याने पैसे साठवून मेटल डिटेक्टर मागवला. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून वावर मोकळं झालं की कामावर जायच्या आधी सकाळी दोन तास तो घरच्याच वावरात फिरायचा. त्याला गुप्तधनाचं वेड नव्हतं हे मी खात्रीने सांगतो. नाण्यांपेक्षा कुलपं, खिळे, कड्या यांच्यातच तो जास्त रमायचा. पण कानाला हेडफोन लावून जमिनीवर चकती फिरवणारा पोरगा दिसल्यावर गावाने अर्थ लावायचा तोच लावला.

वावर कसं आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खालच्या अंगाला जुनी पांदण आहे. डांबरी रस्ता व्हायच्या आधी तालुक्याला जाणाऱ्या बंड्या, दमण्या, टांगे याच वाटेने जात. त्या बाजूची जमीन काळी, भारी. वर जावं तशी जमीन हलकी होत जाते, मग बरड लागते, मुरूम उघडा पडतो. तिथल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोठाल्या काळ्या दगडांची रास आहे. काही वर्षांपूर्वी जेसीबीने धुरा सरळ करताना त्यातले बरेच दगड एका बाजूला लोटले गेले होते.

अडचण

मे महिन्यात एका सकाळी व्हॉट्सॲपवर अकरा फोटो आले, खाली एक ओळ: "डाक्टर साहेब, हे घोड्याचं हाये का बैलाचं, तेवढं सांगा."

सगळ्या वस्तू एका स्टीलच्या ताटात मांडलेल्या. पितळ चिंच आणि राखेने घासून लख्ख केलेलं, लोखंड ओल्या फडक्याने पुसलेलं. पहिल्याच फोटोला माझा जीव खालीवर झाला. पांदणीजवळ काय मिळालं, बरडीवर काय मिळालं, किती खोल, कशाच्या शेजारी, हे सगळं त्या ताटात एकत्र झालं होतं. मी विचारलं तेव्हा मंगेश म्हणाला, "दोन महिन्यांत जमा झालं साहेब. रोजच्या रोज डब्यात टाकत गेलो."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तोवर शहरातल्या एका खरेदीदाराचा त्याला फोन येऊन गेला होता. कुठल्याशा ग्रुपवर त्याने लगामाचा फोटो टाकला होता. खरेदीदार "शिवकालीन लगाम" म्हणून आठ हजार द्यायला तयार होता, मात्र लगेच. मंगेशचे वडील दारातच बसले होते. त्यांची काळजी वेगळीच: "सरकारले मालूम पडलं अन् वावरच घेतलं त? आमी कुठं जाच?"

म्हणजे प्रश्न दोन होते. वस्तू काय आहेत, आणि त्यांचं करायचं काय. मंगेशला पहिल्याची घाई होती, वडिलांना दुसऱ्याची.

ओळख पटवताना

बैल आणि घोडा वेगळे काढणं सगळ्यांत सोपं. बैलाचं नियंत्रण नाकातल्या वेसणीने होतं, त्याच्या तोंडात लोखंड कधीच जात नाही. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा असते, नुसती हिरडी. लगामाचं लोखंड, ज्याला जुनी माणसं कडियाळं म्हणतात, ते तिथे बसतं. त्यामुळे तोंडात घालायची वस्तू निघाली की ती घोड्याची, खेचराची किंवा गाढवाची. खुरांचंही तसंच. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला दोन वेगळ्या पत्र्या ठोकतात, घोड्याला सलग नाल. ताटातले तीन अर्धचंद्राकृती, भोकं पाडलेले तुकडे मंगेशने "चिलखताचे" म्हणून ठेवले होते. त्या बैलाच्या पत्र्या होत्या. तो थोडा हिरमुसला, पण लगेच वहीत लिहून घेतलं.

पितळी वस्तूंसाठी मी त्याला घेऊन तालुक्याला चाचांकडे गेलो. चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वडिलांपासून नालबंदी, आणि स्टँडसमोर शेवटचा टांगा त्यांचाच होता. त्यांनी ताटातून एक पितळी कडी उचलली. खाली आटे असलेला दांडा, वर अंगठीसारखं वेटोळं. मंगेशला ती पडद्याच्या दांडीची वाटली होती. चाचांनी कडीत करंगळी घालून आतल्या कडेवरून फिरवली आणि मला म्हणाले, तुम्हीही फिरवा. एका बाजूला पितळ गुळगुळीत होऊन पन्हळ पडली होती. टांग्याच्या घोड्याच्या पाठीवरच्या पट्ट्यावर अशा दोन कड्या उभ्या बसवतात, त्यांतून लगामाचे पट्टे मागे हाकणाऱ्याच्या हातात जातात. धुळीने भरलेलं चामडं वर्षानुवर्षं एकाच अंगाला घासून पितळ असं खातं. चाचा बराच वेळ ती कडी हातात धरून होते.

दुसरी वस्तू घुमटासारखी पितळी चकती, आकार पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याच्या दुपटीएवढा. पातळ पत्रा ठशावर दाबून काढलेली, मागे शिसं ओतलेलं आणि त्या शिशात तुटलेल्या तारेचं टोक. घोड्याच्या कानाखाली, जिथे कपाळपट्टी आणि गालपट्टी मिळतात, तिथे असं फूल लावत. शिसं चकतीला वजन देतं आणि तारेचं कडं धरून ठेवतं. मागून न पाहता नुसतं समोरून पाहिलं तर हे बटण वाटतं, पेटीची चकती वाटते, काहीही वाटतं. म्हणून मी मंगेशला सांगितलं की फोटो नेहमी दोन्ही बाजूंचे काढ, शेजारी पट्टी ठेवून.

एक साखळी होती. चपट्या, पिळलेल्या कड्यांची, वीतभर. घरच्यांनी ती कमरपट्ट्याची म्हणून बाजूला ठेवली होती. तळहातावर सोडली की ती सपाट पसरते, साध्या साखळीसारखी उभी-आडवी होत नाही. दांड्याच्या लगामाला घोड्याच्या हनुवटीखालून अशी साखळी लावतात. सपाट बसली नाही तर ती कातडी सोलून काढते, म्हणून प्रत्येक कडीला तो पीळ. माझ्या नोकरीत अशा उलट्या लावलेल्या साखळीने झालेल्या जखमा मी स्वतः धुतल्या आहेत, त्यामुळे ही ओळखायला मला क्षणही लागला नाही.

मग लोखंडी रिकीब. पाय टेकवायच्या पट्टीच्या खालच्या बाजूला तिरपा उजेड धरल्यावर एक बाण दिसला, त्याच्याजवळ रोमन लिपीतला आय आणि पुढे दोन आकडे, त्यातला एक गंजात गेलेला. तो रुंद बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण, आणि सोबतचा आय हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा. १८२१ पासून कामठीला छावणी होती. शिवाय १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून कानपूरला सरकारी खोगीर-साजाचा कारखाना चालू होता, आणि खाजगी सामान इंग्लंडातल्या वॉल्सॉल गावाहून येत असे, जिथे घोड्याच्या साजाचे लोखंडी-पितळी भाग बनवणं हा गावाचाच धंदा होता. लष्करातून काढून टाकलेलं सामान लिलावात विकलं जाई आणि टांगेवाले ते घेत. त्यामुळे रिकीब सापडली म्हणून इथे पलटण उतरली होती असं म्हणता येत नाही.

इथपर्यंत सगळं पांदणीच्या इतिहासाशी जुळत होतं. राहिला तो लगाम.

लगामाचा प्रश्न

दोन लोखंडी सळ्या, मध्ये एकमेकींत अडकवलेल्या, बाहेरच्या टोकांना एकेक कडं. त्यावर जाड, फोड आलेला गंज. तोंडात जाणारा भाग मी मोजला: साडेअकरा सेंटीमीटर. लष्करात येणाऱ्या ऑस्ट्रेलियन वेलर घोड्यांच्या तोंडाला हे अपुरं पडलं असतं. हे तट्टाचं माप. चाचांच्या टांग्याला असायचं तेवढंच जनावर. इथवर मी हा लगामही टांग्याच्याच यादीत टाकणार होतो.

मंगेश म्हणाला, "पण हा दोन फूट खोल होता साहेब. म्हणजे जुना असन न?"

हा तर्क आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चालत नाही. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. वर पडलेली कडी, खिळा, नाणं त्या भेगेत उतरतं, पावसात जमीन फुगते आणि ते खालीच मिटतं. गेल्या वर्षी हरवलेला वखराचा नटसुद्धा दोन फुटांवर मिळू शकतो. मी हे त्याला समजावत होतो, तेवढ्यात माझं लक्ष सळ्यांच्या जोडाकडे गेलं. सळ्यांच्या एकमेकींत अडकलेल्या टोकांच्या मधल्या खाचेत, जिथे त्याचं फडकं पोचलं नव्हतं, तिथे चिमूटभर माती होती. तांबूस, खरखरीत. मुरूम.

म्हणजे लगाम पांदणीकडचा नव्हता. वरच्या बरडीवरचा होता, त्या दगडांच्या बाजूचा.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, यात एवढं दचकण्यासारखं काय. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड अशा अनेक ठिकाणी लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. मोठ्या दगडांचं गोल रिंगण आणि त्याच्या आत दफन. रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुनापाणीच्या वर्तुळांवर लिहिलं. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट, खापा, माहुरझरी इथे उत्खननं केली. त्यांत माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले, त्यांच्या डोक्यावरचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले आणि लोखंडी लगाम मिळाले. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. अडीच हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाने मेलेल्याबरोबर त्याचा घोडा सजवून पुरला, आणि त्या घोड्याच्या तोंडातलं लोखंड आणि चाचांच्या टांग्याच्या घोड्याच्या तोंडातलं लोखंड यांची घडण जवळजवळ एकच. घोड्याचा जबडा बदलला नाही, म्हणून लगामही बदलला नाही. त्या ताटासमोर बसून हे लक्षात आलं तेव्हा मला काही वेळ बोलता आलं नाही.

मग घाईने जे जे तपासता येईल ते तपासलं. लोहचुंबक जोरात चिकटलं, म्हणजे आत अजून धातू शिल्लक होता. फार जुनं लोखंड पुष्कळदा पूर्ण गंजून दगडासारखं होतं, पण दरवेळी होतंच असं नाही. तालुक्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दिला. त्यात कड्याचं टोक टोकावर चढवून ठोकून जोडलेलं दिसलं, सळीची जाडी कमीजास्त होती. म्हणजे लोहाराच्या हातचं काम. जिथे गंजाचा पापुद्रा निघाला होता तिथे लाकडाच्या रेषांसारखे धागे दिसत होते. भट्टीत मळी राहिलेल्या जुन्या घडीव लोखंडाला असे धागे पडतात, आजच्या कारखान्यातल्या सळीला पडत नाहीत. पण गावचा लोहार तसलं लोखंड १९ व्या शतकातही वापरत होता. प्रत्येक तपासणी दोन्हीकडे जुळत होती: शंभर-दीडशे वर्षांकडेही आणि अडीच हजारांकडेही.

समोरचे पर्याय

विकण्याचा पर्याय मी पहिल्यांदा बाजूला काढला, आणि मंगेशला कारणंही सांगितली. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. "शिवकालीन" म्हणणाऱ्या माणसाने लगाम हातातही घेतला नव्हता. त्याला लेबल हवं होतं.

गुपचूप घरात ठेवणं हा वडिलांचा पर्याय. तो मला समजत होता, कारण त्यामागे लोभ नव्हता, भीती होती. पण १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. आणि वावराचं म्हणाल तर वस्तू सापडली म्हणून जमीन कुणी घेत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित जागा म्हणून रीतसर अधिसूचित झाली तर तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट येते. शेती त्यामुळे बंद पडत नाही. हे मी त्यांना तीन वेळा तीन पद्धतींनी सांगितलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "लेखी देता का?" मी म्हणालो, कायदा मी देऊ शकत नाही, पण अर्ज करताना तुमच्या शेजारी उभा राहीन.

तिसरा पर्याय मंगेशचा, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा होता. दगडांजवळ आणखी थोडं खोदून पाहायचं. घोड्याचं हाड किंवा तांब्याचा पत्रा निघाला तर प्रश्नच मिटतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी पंचविशीत मीही हेच म्हणालो असतो. पण हाड आणि लगाम जमिनीत एकमेकांजवळ कसे पडले होते, तोच तर पुरावा. खड्डा खणून वस्तू बाहेर काढली की हाती वस्तू येते आणि पुरावा जातो. मी त्याला ताट दाखवलं. म्हणालो, हे बघ, एकदा आपण केलंय हे.

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने डिटेक्टरच्या बॅटऱ्या काढून आणून माझ्या हातात दिल्या.

काय केलं

लगाम कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला. ओल्या मुरमातून निघालेलं लोखंड उघड्यावर राहिलं की आतले क्षार हवेतली ओल ओढतात आणि पापुद्रे सुटत जातात, एका पावसाळ्यात अर्धी वस्तू भुकटी होते. तेल, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांतलं काही लावू दिलं नाही. जोडातली माती मी रिकाम्या औषधाच्या बाटलीत काढून घेतली.

मग मंगेशला वही घेऊन बसवलं आणि आठवेल तसा वावराचा नकाशा काढायला लावला. पितळी वस्तू, साखळी, रिकीब, पत्र्या यांच्या जागा त्याने बऱ्यापैकी सांगितल्या, कारण पांदणीच्या काठाने तो सरळ रेषेत फिरला होता. बरडीवर मात्र बसाल्टच्या दगडांमुळे यंत्र सारखं खोटं वाजायचं, म्हणून तो तिथे आडवातिडवा, मनाला येईल तसा फिरला होता.

जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तहसीलमार्फत दिला. वस्तूंची यादी, मापं, फोटो, गट नंबर, सापडल्याचा अंदाजे काळ. वडिलांनी सही केली. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही त्याची प्रत पाठवली.

निष्पत्ती

पेरण्या झाल्यावर पंचनामा झाला. त्यानंतर काही आठवड्यांनी विद्यापीठातून दोघे जण आले. त्यांनी आधी लगामाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ धुऱ्यावर गेले. जेसीबीने लोटलेले दगड वेगळे आणि जागेवर रुतलेले वेगळे, असं एकेक करून त्यांनी पाहिलं. सात दगड जागेवर निघाले, आणि ते सात मिळून एक कमान होत होती. शिळावर्तुळाची उरलेली बाजू. मंगेशने लहानपणापासून त्या दगडांवर बसून डबा खाल्लेला.

मग त्यांनी विचारलं, लगाम नेमका कुठे मिळाला? मंगेशने एक जागा दाखवली. थोडं थांबून दुसरी. मग धुऱ्याच्या पलीकडे जाऊन तिसरी. तिन्ही जागा तीस पावलांच्या आत, पण एक वर्तुळाच्या आत, एक कडेला, एक बाहेर. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

त्यांचं मत त्यांनी सौम्यपणे सांगितलं: वर्तुळाची नोंद करता येईल, लगामाचा काळ सांगता येणार नाही. लगाम आणि रिकीब पावती घेऊन तहसीलमध्ये जमा झाले. बाकीच्या वस्तू यादीवर सही घेऊन मंगेशकडे ठेवल्या. वडिलांनी त्या सात दगडांच्या आतल्या तुकड्यावर या वर्षी वखर फिरवला नाही, कुणी सांगितलं नसताना.

आज परत वेळ आली तर

मंगेशकडून काय चुकलं ते वर आलंच आहे. पण मला माझ्या बाजूचंही सांगायला हवं. हा मुलगा डिटेक्टर घेऊन फिरतो हे मला मार्चपासून माहीत होतं. चहाच्या टपरीवर त्याने मला यंत्र दाखवलं होतं. तेव्हाच मी त्याच्याबरोबर वावरात गेलो असतो, तर धुऱ्यावरचे दगड मी ओळखले असते आणि बरडीवर यंत्र नेऊच नको म्हणालो असतो. खालच्या बाजूला, नांगर फिरतो त्या थरात, प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी आणि मोबाईलवर जागेची खूण एवढं त्याने पहिल्या दिवसापासून केलं असतं. पोरगा शिस्तीचा आहे, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि माती धुवायची नाही हे तर आधी सांगायचं. पितळ घासल्याने त्या चकतीवरचा ठसा असला तर तो गेला, आणि तो कोणत्या पलटणीचा होता का, हे आता कधीच कळणार नाही.

जोडातली मातीही मी घाईने काढली. ती तशीच लगामावर राहू देऊन तज्ज्ञांच्या हाती द्यायला हवी होती. ती बाटली आता लगामाच्या डब्यात आहे. मी तिला चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख आहे, गट नंबर आहे, माझी सही आहे. "नेमकी जागा" या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही.